बुडालेल्यांची नावं

मी घर सोडलं त्या सकाळी जीप दारात उभी होती आणि आई उंबऱ्याच्या आत. बाहेर येणार नाही हे मला माहीत होतं. आमच्या घरात माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की बाई उंबरा ओलांडत नाही. तिने हातावर दही घातलं, म्हणाली, "मागं बघू नको." विनायक, माझा धाकटा भाऊ, माझी मोठी बॅग टपावर चढवत होता. तो तेव्हा सुट्टीवर आला होता, दोन आठवड्यांनी त्याचीही बोट होती. "ताई, तू विमानाने चाललीस म्हणून आईचं तोंड बघ. मी बोटीने जातो तेव्हा एवढं करत नाही," असं म्हणून हसला. मी मागे बघितलं नाही. अण्णा, माझे वडील, असते तर तेही हेच म्हणाले असते, कारण ते आयुष्यभर बोटीवर होते, सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम, आणि त्यांनी कधी वळून बघितलं नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठी घरटी एक तरी माणूस बोटीवर असतो. कोणी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर उत्तर, "बोटीवर आहे." कुठली बोट, कुठला देश, त्याला काय खायला घालतात, किती तास उभा करतात, कोणी विचारत नाही. मुलगा बोटीवर असतो, जसा दुसऱ्याचा बँकेत असतो. मीही विचारलं नाही. मी शिकले, पुण्यात नोकरी केली, मग सिंगापूरला आले. बंदरात मालाचे डबे, म्हणजे कंटेनर, कुठे रचायचे हे ठरवणारी सॉफ्टवेअरं आमची कंपनी बनवते. पडद्यावर बोट म्हणजे मला एक लांबट चौकोन दिसतो. त्या चौकोनावर माणसं असतात हे जिला जन्मापासून माहीत होतं तिला ते आठवावं लागावं, यापेक्षा वाईट काय सांगू.

सिंगापूरच्या बेडोक भागात बाराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. हॉलच्या खिडकीतून समुद्र दिसतो आणि समुद्रावर नांगरलेल्या बोटी. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी खिडकीशी जातो. "काय व्ह्यू आहे तुमच्याकडे!" रात्री दिवे लागले की मग तर विचारूच नका, फोटोंवर फोटो. मी चहा ठेवायला आत जाते. स्वयंपाकघरात उभी राहून दात आवळते. तेवढं केलं की बाहेर येऊन बिस्किटं वाढता येतात.

एकदा विनायकची बोट इंधन भरायला याच पाण्यात थांबली होती. खाली उतरायची परवानगी नव्हती. त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाला, "तुझी बिल्डिंग कुठली सांग." मी लाल चादर घेऊन खिडकीत उभी राहिले आणि फडकवत बसले. तो म्हणाला, "दिसली, दिसली." दिसली नसणार. इथल्या बिल्डिंगा सगळ्या सारख्या. पण तो म्हणाला दिसली आणि मी आणखी जोरात फडकवली. बहिणीच्या घरापासून एवढ्या जवळ आलेल्या माणसाला तिच्या हातचं एक जेवण मिळू नये, हा कुठला नियम? त्या दिवशीसुद्धा मला राग आला होता. पण तो बारीकसा राग होता, संध्याकाळपर्यंत विरला.

त्यानंतर चौथ्या दिवशी हिंदी महासागरात तो बोटीवरून नाहीसा झाला.

कंपनीच्या माणसाचा फोन मला आला, कारण घरच्यांत इंग्रजी बोलणारी मी. आवाज अतिशय सभ्य. शोध घेतला, सापडला नाही, आम्हांला खेद आहे. मग तोच सभ्य आवाज म्हणाला, "घरी काही प्रॉब्लेम होता का? लग्नाचं वगैरे काही टेन्शन?" मी नाही म्हणाले. त्याने पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की हे विचारणं नाही, हे पेरणं आहे. विनायकने स्वतः उडी मारली असं ठरलं की बाकी कोणाला काही विचारायला नको. ढग आले, पाऊस पडला, माणूस गेला. कंपनीचे हात कोरडे.

आणि पेरलेलं उगवलं. आमच्या गावात गोष्ट पोचायला फोन लागत नाही. पोरगी बघत होते, जमत नव्हतं म्हणे. मनाला लावून घेतलं म्हणे. जी माणसं त्याच्या हातून गणपतीच्या आराशीचे बांबू बांधून घ्यायची, तीच माणसं पारावर बसून त्याला बोटीवरून ढकलत होती.

आमच्या जवळच्या गावचा एक खलाशी त्याच बोटीवर होता, दिगंबर. महिन्याभराने त्याने आईला फोन केला आणि रडत सांगितलं की समुद्र उसळला होता, डेकवर पिंपं सुटली होती, वरून हुकूम आला आणि विनायकला एकट्याला ती बांधायला पाठवलं. कमरेला दोर नाही, बरोबर माणूस नाही. मी दिगंबरला म्हटलं, हेच लिहून दे. तो म्हणाला, "ताई, मला पुढची बोट कोण देईल?" मला त्याचाही राग आला आणि त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं याचा विचार करायचं मी टाळलं.

वर्ष उलटल्यावर गावाकडे काकांनी दुसराच धोशा लावला. अण्णांचे धाकटे भाऊ, घरातले आता तेच मोठे. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, पालाशविधी करायचा, अशी रीत आहे. काकांच्या मुलाचं लग्न ठरत होतं आणि घरातलं मेलेलं माणूस असं लोंबकळत ठेवून मंगलकार्य कसं करायचं, हा त्यांचा प्रश्न. आई नाही म्हणाली. कारण सांगितलं नाही. नुसती नाही म्हणाली. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की बिचारी अजून वाट बघते आहे. काकांनी मला सांगितलं, "तू घेऊन जा तिला तुझ्याकडे. हवापालट होईल. मग समजूत काढ." मी समजूत काढायला तिला आणली. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

ती आली आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसली. सकाळी बसायची ती दुपारपर्यंत. कोणती बोट कधी आली, कोणती हलली, तिला पाठ. मला वाटलं, त्याला शोधते आहे. मी पडदा ओढायची, ती उघडायची. एकदा मी तिला जबरदस्तीने मॉलमध्ये न्यायला निघाले तेव्हा माझी मुलगी सई, जिचं मराठी वरणभातापुरतं उरलं आहे आणि जिच्या इंग्रजीला इथला 'ला' चिकटला आहे, वैतागून म्हणाली, "ममा, आजी इज नॉट वेटिंग फॉर एनीवन, ला. शी इज अँग्री. कान्ट यू सी?"

समोर दिसत असूनही मी बघितलं नव्हतं. आईच्या मांडीवर हाताच्या मुठी होत्या.

याच सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाची तयारी सुरू झाली. फोन आला, "यंदा कोळीनृत्य बसवतोय. तू कोकणातली ना? तू पुढे हवीस. लुगडी भाड्याने मिळतायत, टोपल्यांत प्लॅस्टिकची पापलेटं ठेवू." बोलणाऱ्या वहिनी पुण्याच्या, मनाने चांगल्या. मी म्हटलं, माझा भाऊ बुडाला. त्या म्हणाल्या, "अगं हो, सॉरी. पण हे आनंदी गाणं आहे." मी फोन ठेवला. आनंदी. आमचा समुद्र यांना फक्त नऊवारी नेसून, कंबर हलवत, पाच मिनिटांत संपणारा हवा. त्यातला माणूस बुडाला तर स्टेजवर अंधार करायला लागेल आणि पुढचा आयटम लहान मुलांचा आहे.

नोराची गोष्ट आता सांगायला हवी. नोरा आमच्याच ब्लॉकमध्ये पाचव्या मजल्यावर राहते. आयरिश बाई, शाळेतून निवृत्त झालेली, नवरा इथलाच चिनी, तो वारला. खाली बाकावर तिची आणि आईची ओळख झाली. एकीला मराठीखेरीज येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, तरी तासन्‌तास शेजारी बसायच्या. नोराने दर रविवारी दुपारी एका पबच्या माडीवर तिच्या देशाची समुद्राची गाणी म्हणणारी माणसं जमवली होती. वाद्य नाही, माइक नाही. ज्याला म्हणायचं तो म्हणतो, बाकीचे ऐकतात. मी एकदा गेले होते आणि चिडून परत आले होते. आधी सगळी दणदणीत गाणी, टेबलं बडवत. शीड ओढा, दारू प्या, बंदरातल्या पोरीचा मुका घ्या. माझे अण्णा घरी आले की पहिले आठ दिवस नुसते झोपायचे. अंगणात पाखरू फडफडलं तरी दचकून उठायचे. त्यांच्यावर गाणं कोणी केलं? मग दुःखाची गाणी लागली, तर त्यांत सगळा दोष समुद्राचा. समुद्र क्रूर, समुद्राने नेलं. कंपनीला हेच तर हवंय, मी मनात म्हटलं. समुद्रावर खटला चालत नाही.

हे मी नोराला तोंडावर सांगितलं. ती भांडली नाही. "पुढच्या रविवारी आईला घेऊन ये," एवढंच म्हणाली.

आईला पबमध्ये कसं न्यायचं या विचाराने मीच अवघडले. तिला सांगितलं की तिथे दारू असते. ती म्हणाली, "तुझा बापूस बोटीवरचा. मला बाटली बघून घेरी येत नाय." पदर खोचून निघाली.

त्या दिवशी नोराने स्वतः गाणं म्हटलं. तिच्या आजोळच्या गावची होडी, तुफानात बुडालेली. डोळे मिटून, अगदी सपाट आवाजात. ती म्हणू लागली तशी शेजारच्या एका म्हाताऱ्याने तिचा हात हातात घेतला आणि गाण्याच्या लयीत सावकाश गोल फिरवत राहिला, आपण जात्याचा खुंटा फिरवतो तसा. त्यांच्याकडे ही पद्धत आहे. जड गाणं एकट्याने वाहायचं नसतं. मध्येच नावं आली. एकामागून एक माणसांची नावं, नुसती नावं. आणि शेवटची ओळ तिने गायलीच नाही. ती साध्या आवाजात बोलली, दुधाचा हिशेब सांगावा तशी. हीही पद्धत. गाणं संपलं, आता मी तुमच्याशी बोलते आहे, असं त्यातून सांगायचं असतं म्हणे.

आईने मला कोपर मारलं. "नावं कोणाची घेते ही?"

"बुडाली त्यांची."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. आणि होडीच्या मालकाचंही. वारा फिरलेला दिसत असताना त्याने पाठवली म्हणून." मग नोराने मला जे सांगितलं ते मी आईला सांगितलं. त्या मालकाचे नातू अजून त्याच गावात दुकान चालवतात. हे गाणं कुठे सुरू झालं की ते उठून बाहेर जातात.

आईने नोराकडे नीट वळून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे गाणं नातवापर्यंत पोचतं."

घरी येताना, बसमध्ये, तिने तोंड उघडलं. आवाज चढवला नाही, पण पुढच्या सीटवरची माणसं वळून बघू लागली. "तुम्हांला वाटतं मी वाट बघते. खुळी समजलात मला? तो गेला हे मला दिगंबरच्या फोनाच्या आधी कळलंय. पानांचा बाहुला करायचा, पेटवायचा, की तुम्ही सगळे मोकळे. तुझा काका लग्नाला मोकळा, कंपनी मोकळी, पारावरची मेली तोंडं मोकळी. उडी मारली म्हणून जाळू मी त्याला? तू तर त्याचं नावसुद्धा घेत नायस. तो, तो करतेस. तो कोण? नाव नाय त्याला?"

खरं होतं. वाईट वाटेल म्हणून आम्ही सगळे नाव गिळत होतो, आणि नाव गिळता गिळता त्याच्यावर झालेला आरोपही गिळून बसलो होतो.

पुढच्या आठवड्यांत आई खिडकीतून उठली. कांदा चिरताना, कपडे घड्या करताना पुटपुटायची. मला वाटलं स्तोत्र. जवळ जाऊन ऐकलं तर ओव्या. आमच्याकडे जातं गेलं त्याला वर्षं झाली, पण आईच्या जिभेवर चाल होती. ती रचत होती, खोडत होती, पुन्हा रचत होती. मधूनच मला विचारायची, "बोटीचं नाव सांग. नीट सांग." "त्या वेळी हुकूम देणारा कोण होता? त्याचं नाव दिगंबरला विचार." दिगंबरने फोनवर नाव सांगितलं. लिहून द्यायचं नव्हतं ना, म्हणून सांगितलं.

मग एका रविवारी नोराच्या माडीवर आई उभी राहिली.

पहिली माझी ओवी, माझ्या विनायकाला
दोरीबिगर पाठवला वाऱ्या-वादळाला
दुसरी माझी ओवी, बोटीच्या कप्तानाला
कोणाच्या हुकमानं धाडला एकल्याला

पुढच्या ओव्यांत नावं आहेत. बोटीचं, कप्तानाचं, अधिकाऱ्याचं, कंपनीचं. ती मी इथे लिहीत नाही, कंपनीशी केस चालू आहे, आमच्या वकिलांनी मनाई केली आहे. हव्या असतील त्यांनी आमच्या गावी जाऊन ऐकाव्यात. नोराने आईचा हात धरला आणि फिरवू लागली. आईने हात काढून घेतला नाही. मी कधी तिचा हात असा धरला नव्हता. ओव्या संपल्या तेव्हा तिने डोळे उघडले, समोर बसलेल्या परक्या माणसांकडे बघितलं, आणि साध्या आवाजात म्हणाली, "माझ्या पोरानं उडी मारली नाय."

टाळ्या वाजल्या नाहीत. नोराने मला विचारलं, शेवटी काय म्हणाली? मी इंग्रजीत सांगितलं. गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले, तेही दुसऱ्या भाषेत. मला त्या सभ्य आवाजाच्या माणसाची मान धरायची होती.

आईने काकांना फोन लावायला सांगितला. विधी करा म्हणाली. तयारी करा, मी येते, पण अग्नी द्यायच्या आधी मी म्हणणार आणि सगळ्यांनी ऐकायचं. काका भडकले. बाई माणूस तिथे येत नाही, आणि मयताला गाणी? लोक हसतील. मी फोन आईच्या हातातून घेतला आणि काकांना, ज्यांच्यापुढे मी आयुष्यात आवाज केला नव्हता, सांगितलं की ती म्हणणार नसेल तर विधी नाही, आणि विधी नाही तर लग्नाचं तुम्ही बघा. अगदी सौदा केला. मला त्याची लाज वाटत नाही.

खाडीच्या काठी पळसाच्या पानांचा विनायक निजवला होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही. त्याचे खांदे रुंद होते, यांनी काटकुळा केला होता. पारावरची सगळी तोंडं आली होती, हात जोडून, माना खाली घालून. आई मध्ये उभी राहिली आणि तिने पहिली ओवी उचलली. एकेक नाव आलं तशा माना वर झाल्या. एक-दोघे घसा खाकरून मागे सरकले. शेवटचं वाक्य तिने त्यांच्याकडे बघून म्हटलं. तेव्हा गर्दीच्या मागून कोणीतरी बोललं, "खरं हाय. मी तिथं होतो. त्याला एकट्याला पाठवला." दिगंबर होता. त्याची बोट जाईल की राहील मला माहीत नाही. त्या दिवशी मात्र तो पुढे आला आणि काकांच्या बरोबरीने उभा राहिला. मग आईने मान हलवली आणि अग्नी दिला गेला.

गावी मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांना, दोघांनाही सांगते, यानंतर माझा राग गेला असं काही झालेलं नाही. कंपनी अजून तेच म्हणते. वकील तारखा सांगतात. समुद्र सिंगापूरहूनही तसाच दिसतो आणि मला तो आवडत नाही. आई परत यायला तयार नाही. मी म्हणते, ये, इथे नोरा विचारते, सई विचारते. ती म्हणते, "इथं काम हाय." पलीकडच्या वाडीतली एक बाई तिच्याकडे आली होती. तिचा नवरा फार वर्षांपूर्वी आखातात गेला तो आलाच नाही. कंपनीने सांगितलं पळून गेला. तिने आईला म्हटलं, माझ्या धन्याच्या ओव्या बांधून दे. मग आणखी एक आली. आमच्या खाडीला अशी किती घरं आहेत हे मला तिथे वाढूनही माहीत नव्हतं.

पूर्वी आईचा फोन आला की ती जेवलीस का विचारायची, हवा विचारायची. माझं घर म्हणजे तेवढे दोन प्रश्न, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. परवा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मी मीटिंग सोडून बाहेर आले. तिने जेवण विचारलं नाही. म्हणाली, "त्या आखातातल्या कंपनीच्या मालकाचं नाव तुला पाठवायला सांगितलंय. इंग्रजीत हाय. नीट वाच आणि मला शिकव कसं म्हणायचं. हळू सांग. ओवीत चूक नको."